मैदानातले मास्तर

सन १९९४ चा डिसेंबर. सरकारी नोकरीच्या त्या टप्प्यावर आमची नेमणूक शाळांशी संबंध येणाऱ्या एका कार्यालयात झाली होती. बेळगावच्या एका मराठी शाळेतील व्यायामशिक्षकांचा अर्ज आमच्या टेबलावर आला. नववीच्या चाळीस मुलांना एक दिवस महिपाळगडावर नेण्याची परवानगी त्यांना हवी होती. गड शहरापासून वीसेक किलोमीटरवर. हवा स्वच्छ असली की वैजनाथाचा डोंगर त्या शाळेच्या गच्चीवरून दिसतो. परंतु महिपाळगड चंदगड तालुक्यात, चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आणि कोल्हापूर जिल्हा महाराष्ट्रात. म्हणजे ही परराज्यातील सहल झाली आणि परराज्यातील सहलीस वरिष्ठांची मंजुरी लागत असे. आम्ही तसा शेरा मारून फाइल वर पाठविली. मंजुरी आली तेव्हा मार्च उजाडला होता आणि मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या. मास्तर भेटावयास आले. तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, पोरांना राजहंसगडावर नेऊन आणलं. महिपाळगड कुठल्या अंगाला ते तिथनं दाखवलं."

शेरा नियमाला धरूनच होता आणि आजही आम्हांस तो चुकीचा म्हणवत नाही. परंतु ते मास्तर काही मनातून गेले नाहीत. मुलांना चार भिंतींबाहेर काढून चालावयास, चढावयास, पोहावयास, रांगेत राहावयास आणि वेळ आली तर माघारी फिरावयास शिकविणारा हा जो माणूस, त्याचा आपल्या भागातील इतिहास कोणी लिहिला आहे काय, असा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. आपल्या मंडळाच्या पत्रिकेत आजवर कीर्तनकारांवर लेख आले, नाटकमंडळ्यांवर आले, वाड्यांवर आणि घराण्यांवर तर पुष्कळच आले. मैदानातल्या मास्तरांवर आल्याचे आम्हांस स्मरत नाही. ती उणीव अंशतः भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. निवृत्त अधिकाऱ्याचे प्रायश्चित्त म्हटले तरी चालेल.

या परंपरेतील पहिला मास्तर म्हणजे वस्ताद. हा शब्द फारसी 'उस्ताद'वरून आला आणि 'तालीम' या मूळ अरबी शब्दाचा अर्थच शिक्षण. म्हणजे शब्दाप्रमाणे पाहिले तर तालीम हीच शाळा आणि वस्ताद हाच गुरुजी. आपण मात्र कधीतरी हे दोन वेगळे केले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, हे सर्वश्रुत आहे. पेशवाईनंतर ती विद्या काशी-बडोद्याकडे जशी गेली, तशी पटवर्धनी संस्थानांतूनही टिकून राहिली. बेळगावला खेटून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. रस्त्याच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे पटवर्धनी. तालमीत जाणाऱ्या पोराला मात्र ही हद्द आडवी येत नसे. ज्या वस्तादाचा हात चांगला त्याच्या मातीत उतरावयाचे. सीमा म्हणजे काय हे आपल्या भागाला १९५६ नंतर कळले असे जे समजतात त्यांनी शहापूरची आठवण ठेवावी.

वस्तादाचे काम पहाटे चारला सुरू होई. तांबडी माती चाळून घ्यावयाची, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवावयाचा, ती रोज फावड्याने खणून भुसभुशीत ठेवावयाची. मातीची निगा राखणाऱ्याच्याच हाती पठ्ठे द्यावेत असा रिवाज होता, कारण माती घट्ट राहिली तर पोराचे हाड मोडते. जोर, बैठका, जोडी, करेला, मल्लखांब, मग लढत. कोणास कोणाशी धरू द्यावयाचे आणि कोणास आठ दिवस नुसतेच बसवून ठेवावयाचे, हे ठरविण्यात वस्तादाचे कसब. पगार नव्हता. गुरुपौर्णिमेस नारळ, वर्षाकाठी धोतरजोडी, जत्रेच्या मैदानात पठ्ठ्याने कुस्ती मारली तर फेट्याचा मान. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यातील मैदाने ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हा मान म्हणजे काय ते सांगावयास नको. निपाणीकडील पोरांची ओढ साहजिकच कोल्हापूरकडे. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ सालचे आणि तेथील तालमींत चिकोडी-निपाणीकडची पोरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली.

दुसऱ्या प्रकारचा मास्तर आपल्या घराण्यांस अधिक जवळचा. काकासाहेब कालेलकर पदवीनंतर काही काळ बेळगावच्या गणेश विद्यालयात मुख्याध्यापक होते. त्यांचे कुटुंब बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. वैजनाथाच्या डोंगराकडून येणारी मार्कंडेय नदी त्यांच्या गावाजवळून वाहते, आणि 'लोकमाता' या त्यांच्या नद्यांवरील पुस्तकात ती मोठमोठ्या नद्यांच्या पंक्तीत मानाने बसली आहे. १९१२ साली त्यांनी हिमालयाची पायपीट केली. त्यांचे प्रवासलेखन आपण वाङ्मय म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु नदी, डोंगर, तारे ही शाळेबाहेरील पाठ्यपुस्तके आहेत अशी ज्याची धारणा होती असा शिक्षक आपल्या गावातील वर्गावर उभा होता, याची नोंद शिक्षणाच्या इतिहासातही व्हावयास हवी.

आता प्रमुख विषयाकडे वळतो. डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर हे हुबळीचे. वैद्यकीचे शिक्षण कलकत्त्यास, पुढील शिक्षण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात, तेथेच लाला लजपतराय यांच्या होमरूल चळवळीत भाग, आणि परत आल्यावर हुबळीत तरुणांचे सेवा मंडळ. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात या मंडळाच्या तरुणांनी तुरुंगात माफी मागण्यास नकार दिला. अनेक प्रांतांचे सत्याग्रही त्या तुरुंगात होते. हुबळीची पोरे टिकली ती केवळ धैर्याने नव्हे, त्यांस अगोदर शिस्तीची सवय लागलेली होती म्हणून, असे हर्डीकरांनी ताडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकिनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली आणि जवाहरलाल नेहरू त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

हर्डीकरांची दृष्टी आम्हांस फार व्यवहारी वाटते. स्वयंसेवक हवा तर तो शिकविला पाहिजे, आणि शिकवावयाचा तर आधी शिकविणारा तयार केला पाहिजे. म्हणून सेवा दलाने शिबिरे घेतली तसे बागलकोट येथे शिक्षक तयार करण्याचे केंद्रही चालविले. तेथून शिकून गेलेली माणसे निरनिराळ्या प्रांतांत कवायत, व्यायाम, तंबूतील राहणे, प्रथमोपचार, गर्दीची व्यवस्था असे विषय शिकवीत. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता झेंडावंदन करण्याचा परिपाठ सेवा दलानेच घालून दिला. बडोद्याचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला देशी आज्ञा दिल्या होत्या आणि 'संघ व्यायाम' हे त्यांचे पुस्तक त्या काळी मैदानी शिक्षकांच्या हाती असे. सेवा दलाच्या कवायतीच्या आज्ञाही हिंदुस्थानीतच. ही बाब वरवर लहान दिसते. परंतु मराठी पोर, कानडी पोर आणि उर्दू बोलणारे पोर एकाच रांगेत उभे करावयाचे तर आज्ञा कोणत्या भाषेत द्यावयाची, हा प्रश्न आपल्या भागात आजही लहान नाही.

१९२४ च्या २६ आणि २७ डिसेंबरला बेळगाव काँग्रेस भरली. महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले ते हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष. टिळकवाडीच्या माळावर 'विजयनगर' वसले, पाण्यासाठी विहीर खणली गेली, तिला 'पंपा सरोवर' असे नाव मिळाले. ती विहीर अजून आहे. पाहुणे स्टेशनातून उतरवून घेणे, वाट दाखविणे, पाणी पुरविणे, रात्रीचा पहारा आणि सर्वांत कठीण म्हणजे संडासांची सफाई, ही सर्व कामे स्वयंसेवकांनी केली. स्वयंसेवकांची धुरा हर्डीकरांकडे होती आणि सफाईच्या पथकाचे नेतृत्व काकासाहेब कालेलकरांकडे. ब्राह्मण तरुणांनी हातात बादली-फावडे घेऊन सफाईचे काम केले, याचे त्या काळी मोठे अप्रूप झाले. गांधीजींनीही स्वयंसेवकांचे कौतुक केले.

आमचे आजोबा त्या पथकात होते. वय वर्षे वीस. हा प्रसंग ते शेवटपर्यंत सांगत. लहानपणी आम्ही तो इतक्या वेळा ऐकला की पुढचे वाक्य आम्हांस आधीच ठाऊक असे. गांधीजी कोठून चालत आले, कोणाच्या अंगावर कोणती शाल होती, हे सर्व त्यांस स्पष्ट आठवे. अधिवेशनाआधी काही आठवडे त्यांना माळावर शिक्षण दिले गेले होते. रांगेत उभे राहणे, ओझे उचलण्याची रीत, चर खणणे, तंबूचे दोर ताणणे, गाठी मारणे, शिटीचे संकेत. हुबळीकडून आलेला एक तरुण हे शिकवी. त्याचे मराठी कानडी वळणाचे होते आणि कोणी चुकले तर तो ओरडत नसे, स्वतः ते काम पुन्हा करून दाखवी. आजोबांनी एवढे सांगितले. त्या तरुणाचे नाव आम्ही विचारले तेव्हा त्यांना ते आठवेना. पुढाऱ्यांची पन्नास नावे ज्यांच्या जिभेवर होती त्यांना आपणास उभे राहावयास ज्याने शिकविले त्याचे नाव आठवू नये, याचे त्या वयात आम्हांस काही वाटले नाही. आता वाटते. २०२४ साली अधिवेशनाची शताब्दी झाली. आम्ही जी भाषणे ऐकली त्यांत हर्डीकरांचा उल्लेख एकदोनदा झाला, शिकविणाऱ्या पोरांचा एकदाही नाही.

सेवा दलावर १९३२ मध्ये सरकारने बंदी घातली. हर्डीकर पुढे १९५२ ते १९६२ राज्यसभेत होते, १९५८ साली त्यांस पद्मभूषण मिळाले आणि १९७५ मध्ये ते निवर्तले. त्यांचे नाव आपल्याकडे कानडी लोक आपले म्हणून सांगतात आणि आडनाव पाहून मराठी लोकही आपले म्हणून सांगतात. आमच्या मते दोघांचेही बरोबर आहे.

यानंतर मास्तराला पगार मिळू लागला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, हे तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद. हे बडोद्याच्या माणिकरावांचेच शिष्य. १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवली येथे सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली, आणि तेथून शिकून आलेले शिक्षक इलाख्यातील शाळाशाळांत, म्हणून आपल्या जिल्ह्यातही, रुजू होऊ लागले. लेझीम, डंबेल्स, मल्लखांब, खो-खो, हुतुतू, सूर्यनमस्कार असा देशी-विदेशी मिश्र अभ्यासक्रम. त्याच सुमारास बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली 'व्यायाम ज्ञानकोश' खंडशः निघत होता. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड पूर्ण झाले. व्यायाम या विषयावर मराठीत दहा खंड व्हावेत, ही गोष्ट आपण भाषेचा अभिमान सांगताना क्वचितच सांगतो.

आमचे धाकटे काका कांदिवलीचे. १९४९ साली त्यांनी तेथील वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा केला आणि जिल्ह्यातील एका शाळेत नोकरी धरली. ज्या आजोबांनी विजयनगरात फावडे धरले होते, त्यांना हे मुळीच रुचले नाही. घरी पाहुणे आले म्हणजे थोरल्या मुलाची ओळख "हा कलेक्टर कचेरीत" अशी होई, आणि धाकट्याची "हा शाळेत असतो" अशी. विषय कोणता हे आजोबा सांगत नसत. काकांच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी तो विचारलाच. "व्यायाम" हे उत्तर ऐकून दोन स्थळे परत गेली. हे घरचे उणे आम्ही येथे उघड करीत आहोत ते एवढ्यासाठी, की आपल्या जुन्या घराण्यांपैकी बहुतेकांत असे काहीतरी घडलेले असणार. पेशव्यांबरोबर, पटवर्धनांबरोबर, कोणी व्यापारासाठी, कोणी वकिलीसाठी या मुलखात येऊन स्थायिक झालेली ही घराणी लेखणीवर जगली. अंगमेहनतीचे शिक्षण फुकट दिले-घेतले तर ती देशसेवा, त्याच शिक्षणाचा पगार घेतला तर ती शिपाईगिरी, असा हा हिशेब होता. वस्तादाला फेटा बांधणारे हात व्यायामशिक्षकाला नमस्कार करताना आखडत असत.

काकांचे शाळेतील काम फार थोरवीचे नव्हते. प्रार्थनेच्या वेळी रांगा लावणे, घंटेवर लक्ष ठेवणे, दंगा करणाऱ्यांस आवरणे. त्यांचा तास गणिताचे मास्तर मागून घेत आणि परीक्षा जवळ आली की न मागताही घेत. त्यांची खरी शाळा रविवारी भरे. दहा-पंधरा मुले घेऊन ते येळ्ळूरच्या राजहंसगडावर, वैजनाथाच्या डोंगरावर, कधी सलग सुट्ट्या आल्या तर पारगडापर्यंत जात. उन्हाळ्यात विहिरीवर पोहणे. नवशिक्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधावयाचा, भोपळा नसेल तर झाकण घट्ट बसविलेला पत्र्याचा डबा. ती गाठ काका दुसऱ्या कोणास मारू देत नसत. स्वतः बांधत, दोनदा ओढून पाहत, मगच पोराला पाण्यात ढकलत. आम्ही पोहावयास शिकलो ते त्या डब्यावर, आणि डबा काढून घेतला आहे हे आम्हांस विहिरीच्या मध्यावर गेल्यावर कळले. डोंगरावर त्यांचा एक ठरलेला नियम होता. चढताना मास्तर सर्वांत मागे, उतरताना सर्वांत पुढे. घसरणारे पोर खाली येते, तेव्हा मास्तर खालच्या अंगास हवा. हे आम्हांस त्यांनी कधी समजावून सांगितले नाही. मोठेपणी विचार करताना उमगले.

याच सुमारास जगात अन्यत्र काय चालले होते हेही पाहण्यासारखे आहे. १९४१ साली वेल्समधील अबरडोव्ही येथे कुर्ट हान या जर्मनीतून परागंदा झालेल्या शिक्षणतज्ज्ञाने एका जहाज कंपनीच्या मालकाच्या साह्याने 'आउटवर्ड बाउंड' शाळा काढली. युद्धात जहाजे बुडाली की होड्यांतून जीव वाचविण्यात अनुभवी खलाशी टिकतात आणि अंगाने धडधाकट तरुण दगावतात, असे त्या मालकास आढळले होते. उणीव ताकदीची नसून संकटात टिकून राहण्याच्या सवयीची आहे, ही त्या शाळेची मूळ कल्पना. नागपूरच्या तुरुंगात हर्डीकरांनी जे पाहिले ते याहून निराळे नव्हते. १९४१ सालीच पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली आणि त्याच्या शाखा व शिबिरे सीमाभागापर्यंत पोचली. पुढे १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली. एव्हरेस्टवर जाऊन आलेले तेन्सिंग नोर्गे तेथे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले. डोंगरावर चढावयास शिकविणे हा मानाचा, सरकारी पगाराचा पेशा होऊ शकतो, हे आपल्या देशास त्या नेमणुकीने दाखविले. बातमी वाचून काका म्हणाले होते म्हणे, "बघा, तेन्सिंगसुद्धा व्यायामशिक्षकच." आजोबा काही बोलले नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एकटा चंदगड तालुका वगळून. या घटनेचे राजकीय कंगोरे या लेखाचा विषय नव्हेत, त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही केवळ मैदानातल्या मास्तराच्या बाजूने पाहत आहोत. महिपाळगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड हे सर्व चंदगडात. बेळगावच्या पोरांचे हे रविवारचे डोंगर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेले. आपल्या बाजूस राजहंसगड, खानापूरच्या रानातला भीमगड आणि संकेश्वरजवळचा वल्लभगड एवढे राहिले. निपाणीची गंमत आणखी वेगळी. गाव इकडे आणि १९६० साली निघालेले देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीचा मुलगा तेथून शिवाजी विद्यापीठाच्या संघात खेळावयाचा, आणि त्याचा बेळगावात शिकणारा चुलतभाऊ धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या. सणाला दोघे एका पंगतीत.

काकांच्या बाबतीत मुंबई सरकारचे प्रमाणपत्र नव्या राज्यात ग्राह्य धरले गेले, परंतु ज्येष्ठतेच्या यादीत त्यांचा क्रमांक लागेपर्यंत वर्षे गेली. त्यांच्या अर्जांच्या प्रती आमच्याकडे आहेत. नोकरीत असताना आम्ही त्या अर्जदाराच्या नव्हे, अधिकाऱ्याच्या नजरेने वाचल्या आणि त्यांत नियमबाह्य असे आम्हांस काही आढळले नाही, ना त्यांच्या मागणीत, ना विलंबात. हेच खरे दुःख आहे. मात्र मैदानावर भाषेचा तंटा उभा राहिला नाही. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात मराठी शाळा, कानडी शाळा, उर्दू शाळा सर्व एकाच 'दाहिने देख'वर मान वळवीत. संचलनानंतर काका आणि कानडी शाळेचे ड्रिल मास्तर एका बाकावर बसून चहा पीत. एकमेकांच्या मोडक्या भाषेत त्यांची चर्चा चाले ती पोरांच्या सपाट तळव्यांची.

बेळगावला हे शिक्षण आणखी एका दाराने मिळत आले, ते म्हणजे कॅम्पातून. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून येथे आहे. पुढे पायदळाची कमांडो शिक्षण देणारी शाखाही येथेच आली. निवृत्त सुभेदार आणि हवालदार शाळांतून ड्रिल मास्तर म्हणून, एन.सी.सी.च्या मदतीस म्हणून येत. त्यांची शिस्त करडी. काकांना ती फारशी पसंत नसे. सैनिक घडविण्याची रीत वेगळी आणि मूल घडविण्याची वेगळी, असे ते म्हणत. आम्हांस दोन्ही रीतींचा थोडा थोडा लाभ झाला. कोणती अधिक उपयोगी पडली हे सांगणे अवघड आहे, परंतु दोर बांधावयाचा असला की आजही आमच्या बोटांना हवालदारांची गाठ आठवते आणि पाय घसरला की काकांचा आवाज.

काका १९८५ साली निवृत्त झाले. त्यानंतर हा पेशा शाळेबाहेर पुन्हा उगवला, तो अशा रूपाने की जुन्या माणसास ओळखू येऊ नये. गेल्या पावसाळ्यानंतर आमचा नातू एका शिबिरासोबत महिपाळगडास गेला आणि त्याच्या आईच्या आग्रहावरून आम्हीही गडाखालच्या देवरवाडीपर्यंत गाडीतून गेलो. तेथे वैजनाथाचे देवालय आहे. शिबिर चालविणारी मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, खानापूरकडील. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून तिने प्राथमिक आणि प्रगत हे दोन्ही अभ्यासक्रम केले होते, आणि शिकविण्याच्या पद्धतीचा जो स्वतंत्र अभ्यासक्रम असतो तोही. प्रथमोपचाराची पेटी, दोर, शिटी, प्रत्येक मुलाच्या पालकांचे सहीचे पत्र आणि विम्याचे कागद तिच्याजवळ होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आयोजकांची नोंदणी आणि प्रशिक्षकांची पात्रता हे विषय त्यात आहेत. इकडे भीमगडचे रान २०११ पासून अभयारण्य झाल्याने तेथे वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे या मुलीस दोन राज्यांचे दोन प्रकारचे कागद सांभाळावे लागतात. ती ते सांभाळते, आणि आमच्या काळी ज्या फाइलीला तीन महिने लागत तसले काम तिच्या फोनवर होते असे तिने हसत सांगितले. ही सुधारणा आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

काय नाही तेही सांगतो. पगार ठरलेला नाही. शिबिरे मिळाली तर मिळकत, ती प्रामुख्याने पावसाळ्याच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळ्यात ती हिमालयाच्या मोहिमांवर सहायक म्हणून जाते. निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काही नाही. गुडघा दुखावला की वर्ष बुडाले. आणि घरचे? आम्ही विचारले. "आई-बाबा विचारतात, नोकरी कधी लागणार," ती म्हणाली. आमच्या कानी आजोबांचे "हा शाळेत असतो" पुन्हा आले.

मुले चढू लागली. बावीस मुले, दोन मदतनीस पुढे आणि ही मुलगी सर्वांच्या मागे. दुपारी उतरताना दुरून पाहिले तर ती सर्वांत पुढे होती. हे तिला कोणी शिकविले म्हणून आम्ही विचारले. अभ्यासक्रमात होते की अनुभवातून आले, हे तिला सांगता येईना. खानापूरच्या शाळेतले पी.टी.चे सर असेच करीत, एवढे ती म्हणाली. त्या सरांचे नाव तिला ठाऊक होते. आम्ही ते वहीत टिपून घेतले आहे.

ती वही आता बरीच भरत आली आहे. १९३८ ते १९५६ या काळात कांदिवलीस शिकून बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांत आलेल्या शिक्षकांची नावे आम्ही जुन्या शाळांच्या पटांवरून आणि स्मरणिकांवरून गोळा करीत आहोत. तालमींच्या वस्तादांची नावे लिहून ठेवणारे कोणी नसल्याने ती मिळणे अधिक कठीण जाते. आणि १९२४ च्या माळावर आजोबांच्या पथकास शिकविणारा तो हुबळीकडील तरुण अद्याप सापडलेला नाही. ज्या वाचकांच्या घरी अधिवेशनातील स्वयंसेवकांची छायाचित्रे, सेवा दलाची प्रशस्तिपत्रे, आखाड्यांच्या वर्गणीच्या वह्या किंवा शाळेच्या सहलींचे फोटो असतील, त्यांनी ते मंडळाच्या कार्यालयात दाखविण्यास आणावेत. छायाचित्राच्या मागे नावे लिहिलेली असतील तर ती बाजूही अवश्य पाहावी. पुष्कळदा कडेला उभा असलेल्या, शिटी गळ्यात अडकविलेल्या माणसाचे नाव तेवढे लिहिलेले नसते. घरात कोणी वडीलधारे हयात असतील तर ते आत्ताच विचारून लिहून ठेवावे.